तिच्या नावाची पाट

आमच्या विहाराच्या आतल्या भिंतीवर निळ्या रंगात सात ओळी लिहिलेल्या आहेत. गावातल्याच पेंटरनं लिहिल्या. जागेचा अंदाज न घेता त्यानं मोठाल्या अक्षरांत सुरुवात केली, आणि शेवटची ओळ कोपऱ्यात, दाराच्या मागं गेली. दार उघडं असलं की ती झाकली जाते, आणि बैठकीला दार उघडंच असतं. त्यामुळं कितीतरी दिवस मी आपली सहाच नियम आहेत असं धरून चालले होते.

त्यातल्या सुरुवातीच्या ओळी मला तेव्हा फालतू वाटायच्या. आधी निवारा, मग जनावर. शिकल्याशिवाय बकरी न्यायची नाही. पाला आपला आपण लावायचा. जशी मिळाली तशीच पुढं द्यायची, लंगडी-रोगट नाही. बकऱ्या देणाऱ्या संस्थेच्या मॅडम पिपरी मेघेहून स्कूटीवर यायच्या, आम्हा बायांना गोल करून बसवायच्या आणि एकेक ओळ आमच्याच तोंडून काढून घ्यायच्या. बकरी द्यायची तर द्या, भिंत कशाला रंगवता, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं होतं. त्या नुसत्या हसल्या. मला त्या हसण्याचाही राग आला.

राग मला लवकर येतो, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण त्या रागाला कारण होतं. आमच्या गावानं फुकटची जनावरं आधीही पाहिली होती. कुठल्याशा योजनेतून एकदा ट्रक भरून बकऱ्या आल्या होत्या, परमुलखातल्या, लांब कानांच्या आणि सारख्या खोकणाऱ्या. फोटो निघाले, ट्रक गेला, आणि पावसाळा संपायच्या आत बहुतेक बकऱ्या मेल्या. ज्या वाचल्या त्या लोकांनी कापून खाल्ल्या, कारण त्यांचं करायचं काय हे कोणी सांगितलंच नव्हतं.

त्यात ‘दान’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी. माझ्या वडिलांनी उभा जन्म दुसऱ्याच्या वावरात काढला, पण आम्हा पोरांना कोणाच्या दारात वाटी घेऊन उभं राहू दिलं नाही. त्यांची मी मुलगी, आणि फॉर्मवर माझ्या नावापुढं ‘लाभार्थी’ लिहायचं होतं. मी तो फॉर्म दोन वेळा परत केला. नवरा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलता उचलता कमरेतून गेला होता आणि खाटेवर पडून होता, तरी परत केला.

मग एका बैठकीत मॅडमनी पुढं देण्याची रीत समजावली. बकरीचं पहिलं मादी पिल्लू, म्हणजे पहिली पाट, नीट वाढवून, लस टोचून यादीतल्या पुढच्या बाईला द्यायची. तिनं तिच्या बकरीची पहिली पाट तिसरीला द्यायची. त्या दिवशी भाकरी थापता थापता माझ्या डोक्यात आलं की असं असेल तर मी घेणारी फक्त वर्षा-दीड वर्षापुरती आहे, त्यानंतर मी देणारी. हे मला पटलं. तिसऱ्या वेळेला मी सही केली.

सही केल्यावर मात्र मी सगळ्यांपेक्षा कडक झाले. ज्या बाईच्या हलगर्जीपणानं जनावर मरेल तिच्याकडून बकरी काढून घ्यायची, ही सहावी ओळ माझी आहे. बाकीच्या बाया कुरकुरल्या होत्या. मी भांडून ती भिंतीवर चढवली.

यादी आम्हीच केली. ज्या घरी जास्त अडचण ते घर आधी, असं ठरलं आणि त्यावरून दोन बैठका नुसता आरडाओरडा झाला. पहिल्या खेपेत माझं नाव आलं. प्रत्येक नावापुढं दुसरं नाव लिहायचं होतं, जिला त्या घरची पहिली पाट जाणार तिचं. माझ्यापुढं जिचं नाव लागलं ती नाल्यापलीकडची. तिकडं गोंडांची आठ-दहा घरं आहेत. वयानं ती माझ्याहून पुष्कळ लहान. एकाच वावरात आम्ही दोघींनी कापूस वेचलेला, एकाच झाडाखाली डबा सोडलेला. पण तिच्या घरात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि ती माझ्या. एवढ्याशा गावात.

बकऱ्या आम्ही बायांनीच आंजीच्या बाजारात दात पाहून, सड दाबून घेतल्या. माझी काळीभोर होती, एका कानावर पांढरा ठिपका. तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी ती पोरगी दारात उभी राहिली. डोक्यावर बोरीच्या पाल्याचा भारा होता. मी विचारलं, काऊन आणला?

“माह्यी पाट हिच्याच पोटातून येनार हाय ना, काकू,” ती म्हणाली. “मंग हिले उपाशी ठेवू का?”

बकरी तेव्हा गाभणसुद्धा नव्हती. मला हसू आवरेना. पण ती दुसऱ्या दिवशीही आली, आणि तिसऱ्याही. मजुरीवरून येता येता काहीतरी घेऊन यायची, कधी बाभळीच्या शेंगा, कधी कोणाच्या बांधावरचा सुबाभळीचा पाला. बकरीच्या कानाशी लागून गोंडीत काहीतरी बोलायची. मी तिला चिडवायची की ही आंजीच्या बाजारातली बकरी आहे, हिला गोंडी कुठून कळणार. ती म्हणायची की हिला नाही कळलं तरी पोटातल्याला कळेल. हळूहळू मीच तिची वाट पाहू लागले. ती आली की चूल पेटायची, दोघींचा चहा व्हायचा, नवराही खाटेवरून दोन शब्द बोलायचा.

तिनं गोठा आधीच बांधून ठेवला होता. देणाऱ्या बाईनं घेणाऱ्या बाईचा निवारा स्वतः पाहून यायचा असतो, म्हणून मी नाला ओलांडून गेले. तुराट्यांचा कूड, वर कपाशीच्या पऱ्हाट्यांचं दाट छप्पर, आणि जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळ्या, की मुताची ओल राहू नये. माझ्या गोठ्यापेक्षा तो चांगला होता. मॅडमनी तसं सगळ्यांसमोर म्हटलंही, आणि मला ते झोंबलं. पण तिच्या घरचा काळा चहा मी त्या नियमामुळंच प्यायले, एरवी प्यायले नसते, हेही खरं.

बकऱ्या गाभण राहिल्या तेव्हा मॅडम जनावरांच्या एका डॉक्टरीण बाईंना घेऊन आल्या. त्यांनी सांगितलं की पिल्लू जन्मल्यावर अर्ध्या तासाच्या आत त्याला पहिलं दूध पाजायचं. तो चीक म्हणजे त्याची पहिली लस. जार पडायची वाट पाहायची नाही.

हे ऐकून मी उठले. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या उलटी रीत. व्याल्यानंतर जार, म्हणजे वार, पूर्ण पडेपर्यंत पिल्लाला सडाला लागू द्यायचं नाही. आधी पिलं तर जार वर चढते आणि बकरी मरते, असं माझी आई सांगायची, तिची आई सांगायची. मी बकऱ्यांमागं फिरतच लहानाची मोठी झालेली. मी डॉक्टरीण बाईंना म्हटलं की तुम्ही पुस्तकं पाहिलीत, आम्ही बकऱ्या पाहिल्यात. बाया हसल्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की पिल्लू पिलं की पोट आवळतं आणि जार उलट लवकर पडते. मी हाताची घडी घालून ऐकलं आणि काहीही आत जाऊ दिलं नाही. नाल्यापलीकडची पोरगी मात्र पुढं सरकून बसली होती. तिनं तेच पुन्हा दोनदा विचारून घेतलं.

पौषातली थंडी होती. त्या दिवशी वेचणीला बाया लांबच्या शिवारात गेल्या होत्या, तीही गेली होती. नवऱ्याला शेजारच्यानं मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं होतं. दुपारी बकरी व्याली, घरात मी एकटीच होते. आधी बोकड पडला, मग पाट. पाट लहानशी, आईसारखीच काळी, आणि कानावर तोच पांढरा ठिपका. ओलीच होती तरी लगेच पाय रोवून उभी राहिली. दोन वेळा पडली, तिसऱ्यांदा उभी राहून आईच्या पोटाखाली शिरली. मी हातानं तिला बाजूला ढकललं.

ती पुन्हा आली. मी पुन्हा ढकललं. मग दोघांनाही टोपल्याखाली ठेवलं आणि जार पडायची वाट पाहत बसले. एक तास गेला, दुसरा गेला. बोकड ओरडत होता. पाट आधी ओरडली, मग ओरडायची थांबली. मला वाटलं, झोपली. ऊन उतरलं, वारा सुटला, तेव्हा जार पडली. टोपलं उचललं तर बोकड उडी मारून सडाला लागला, आणि पाटीला मान उचलता येईना. मी बोटावर चीक घेऊन तिच्या तोंडात सोडला, तो बाहेर ओघळला. पोत्यात गुंडाळली, चुलीजवळ धरली. दिवेलागणीला ती माझ्या मांडीवर गेली.

तेवढ्यात दारात पाल्याचा भारा टेकला. तिनं माझी मांडी पाहिली.

“मेलेलंच पडलं वं,” मी म्हटलं.

का म्हटलं? खूप वेळा विचार केला आहे. सहावी ओळ आठवली हे खरं आहे. बकरी जाईल ही भीती होती. पण त्याहून मोठं म्हणजे, हाताची घडी घालून बसलेली मी मला दिसली, आणि सगळ्या बायांसमोर मी चुकले असं कबूल करायचं माझ्या जिवावर आलं. तोंडातून खोटं इतकं सहज निघालं की मलाच नवल वाटलं.

तिनं भारा सोडून बकरीपुढं पाला टाकला, मग पिल्लाला माझ्याकडून घेतलं. आम्ही दोघींनी परसातल्या बाभळीखाली खड्डा केला. माती ओढताना ती म्हणाली, “मी रोज रोज येऊन पाहत होती ना, काकू. माह्यीच नजर लागली.”

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी तोंड मिटून माती दाबत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ती यायची बंद झाली. आणि तिनं जे स्वतःबद्दल म्हटलं होतं ते गावानं उचललं. मी कोणाला सांगितलं नाही, पण कोणी म्हणालं तर खोडूनही काढलं नाही, आणि ते सांगण्यासारखंच झालं. यादीतल्या आणखी दोघींच्या बकऱ्या व्याल्या. ती रस्त्यानं चालली की एक जण पिल्लू उचलून पदराआड घ्यायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तिनंही पाहिलं असणार, कारण त्यानंतर ती मजुरीला जाताना वस्तीतून जाईना, नाल्याच्या काठाकाठानं लांबून जायची. कोणाचं जनावर समोर आलं की मान खाली घालायची. त्या दुसऱ्या दोन घरांतही एकेक पिल्लू गेलं. एकीनं मला येऊन सांगितलं की तिचंही मेलेलंच पडलं.

मी तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि मला कळलं. तिच्या परसातही टोपलं पालथं पडलेलं होतं. मी खरं सांगितलं असतं तर तिनं पिल्लू पाजलं असतं.

पुढच्या बैठकीच्या आदल्या दिवशी मॅडमचा फोन आला. माझ्यापुढं जिचं नाव आहे तिनं नाव खोडायला सांगितलंय, म्हणाल्या. मला बकरी नको, माझ्या नजरेनं जनावर मरतं, असं म्हणते. तुम्ही समजावता का, त्यांनी मला विचारलं. मला.

मी फोन ठेवला आणि बाभळीखाली जाऊन बसले. नवऱ्याला तिथंच सगळं सांगितलं. तो खाटेवरून उठून काठी टेकत आला होता. तो म्हणाला, बकरी गेली तर मी पुन्हा जिनिंगला जाईन. कमरेनं त्याला धड वाकता येत नव्हतं. मी त्याच्यावर ओरडले, पण मनात म्हटलं, जायची तर जाऊ दे.

बैठकीला मी बकरी घेऊन गेले. पुढं दोर धरलेली मी, मागं बकरी, तिच्या मागं उड्या मारणारा बोकड. रस्त्यात लोक विचारत होते कुठं चालली, मी चालतच राहिले. बकरीला विहाराच्या अंगणात बांधलं आणि आत गेले. वारा बोचत होता म्हणून कोणीतरी दार लोटून घेतलं. ते लोटलं आणि मागची भिंत उघडी पडली. सातवी ओळ माझ्या समोर होती. ‘झालं ते खरं सांगायचं.’ कुठल्या बैठकीत ती ठरली, मला आठवत नाही. बहुतेक मी भांडत होते तेव्हा.

ती त्या ओळीखालीच बसली होती, भिंतीला टेकून, मान खाली. नाव खोडलं का तेवढं विचारायला आली होती.

मी उभी राहिले. पाट जिवंत जन्मली होती, असं सांगितलं. तीन वेळा उभी राहिली, दोन वेळा मी तिला ढकललं, टोपल्याखाली ठेवलं, जार पडेपर्यंत पाजलं नाही, भुकेनं आणि थंडीनं मेली. डॉक्टरीण बाई बरोबर होत्या, मी चूक होते. त्यानंतर मी खोटं बोलले. सहावी ओळ माझीच आहे, म्हणून बकरी बाहेर बांधली आहे, घेऊन जा.

मग कोपऱ्यातून त्या पोरीचा आवाज आला. “म्हंजे माह्या नजरेनं नाई मेली?”

“नाई,” मी म्हटलं. “माह्या हातानं मेली.”

ती रडली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, माती ओढतानाही नाही. मग आमच्यातली सगळ्यात म्हातारी बाई बोलली. तिनं जन्मभरात अशी किती पिल्लं टोपल्याखाली ठेवली ते तिला मोजता येणार नाही, आणि प्रत्येक वेळी तिनं कोणाच्या ना कोणाच्या नजरेला दोष दिला, असं ती म्हणाली. त्यानंतर ती दुसरी बोलली, जिनं मला मेलेलंच पडलं म्हणून सांगितलं होतं. पिल्लू पदराआड घेणारी नुसतीच मान खाली घालून बसली.

बकरीचं काय करायचं यावर बराच वेळ गेला. शेवटी मॅडम म्हणाल्या की जिची पाट गेली तिला विचारा. मी अंगणातून बकरीचा दोर सोडून आणला आणि तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला नाही.

“मले तुमची बकरी नाई पाह्यजे,” ती डोळे पुसत म्हणाली. “मले माह्यी पाट पाह्यजे. पुढच्या खेपेले मी हजर राहीन. तुम्ही ढकलान तर मी हात धरीन.”

आणि तिनं तो खरंच धरला. पुढच्या खेपेला ती मजुरी सोडून दोन दिवस माझ्या परसात बसून होती. पाल्याचा भारा होताच. बकरी सकाळी व्याली, एकच पिल्लू, पाट. ती ओलीच धडपडत आईच्या पोटाखाली शिरली, जार अजून लोंबत होती, आणि माझा हात सवयीनं पुढं गेला. माझं डोकं बदललं होतं, हात बदलला नव्हता. तिनं माझं मनगट घट्ट पकडलं आणि दुसऱ्या हातानं पिल्लाचं तोंड सडाला लावलं. पिल्लू चुरूचुरू पिऊ लागलं. थोड्याच वेळात जार पडली, आपोआप. तिनं माझं मनगट सोडलं, तर तिथं तिच्या बोटांचे वळ होते.

आता मी डॉक्टरीण बाईंकडून शिकून, खांद्याला औषधांची पिशवी अडकवून आजूबाजूच्या गावांत फिरते, बकऱ्यांना लस टोचते, जंताचं औषध पाजते. प्रत्येक नव्या घरी पिशवी उघडण्याआधी त्या काळ्या पाटीची गोष्ट सांगते. सोपं नाही. प्रत्येक वेळी जिभेला जड जातं, आणि तरी मी सांगणार आहे, हातपाय चालतात तोवर. घेतलं तेवढं पुढं देणं तसं अवघड नसतं. आपण केलेली चूक पुढच्या बाईच्या हातात देणं, तिनं ती करू नये म्हणून, हे देणं मला सगळ्यात महाग पडलं.

दुसऱ्या खेपेची ती पाट सहा महिन्यांची झाली तेव्हा विहाराच्या अंगणात आम्ही ती तिला दिली. लस टोचलेली, अंगानं भरलेली, गळ्यात मी स्वतः वळलेला दोर. बाया आपापल्या बकऱ्या, पिल्लं घेऊन आल्या होत्या. आधी आत बैठक झाली, तेव्हा दार मी मुद्दाम लोटून घेतलं होतं, भिंत पूर्ण दिसावी म्हणून. दोर तिच्या हातात दिला तरी ती मान खालीच घालून उभी होती, इतक्या महिन्यांच्या सवयीनं.

मी म्हटलं, “पाह्य ना वं तिच्याकडं. तुह्यीच हाय.”

तिनं मान वर केली. पाटीसमोर उकिडवी बसली, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि डोळे भरून पाहिलं. कितीतरी वेळ. अंगणात पिल्लं बागडत होती, कोणी एकीनंही आपलं पिल्लू मागं ओढलं नाही. मग ती बाई पुढं आली, जी तिला पाहून पिल्लू पदराआड घ्यायची. तिच्या कडेवर नुकतंच जन्मलेलं, अजून डोळे किलकिले करणारं पिल्लू होतं. तिनं ते त्या पोरीच्या समोर धरलं.

“हिलेबी पाह्य वं,” ती म्हणाली.